एका चौरस मैलातले जुने-नवे लंडन

लंडन महानगराच्या मध्यभागी ‘सिटी ऑफ लंडन’ नावाचे एक स्वतंत्र, छोटे शहर आहे. क्षेत्रफळ जेमतेम २.९ चौरस किलोमीटर. म्हणून बोलताना त्याला ‘स्क्वेअर माइल’ म्हणतात. त्याची महापालिका वेगळी, पोलीस वेगळे, महापौरही वेगळा. २०२१च्या जनगणनेत इथे कायम राहणारी माणसे सुमारे ८,६०० भरली. कामाच्या दिवशी मात्र सहा लाखांच्या वर माणसे इथे येतात. रोमन तटाचे अवशेष, १५३२ साली पुरे झालेले चर्च, सतराव्या शतकात पाया घातलेला घुमट, व्हिक्टोरियन बाजार, १९८६ची पोलादी इमारत आणि २७८ मीटर उंच काचेचा मनोरा हे सारे इथे तासाभराच्या पायी फेरीत पाहून होते. युरोपातल्या इतर काही शहरांनी जुन्या-नव्याचा हा पेच जागेची वाटणी करून सोडवला. पॅरिसमध्ये १९७३ साली माँपार्नासचा २१० मीटरचा मनोरा उभा राहिला आणि शहराने धसका घेतला. १९७७मध्ये इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा आली आणि पुढचे बहुतेक उंच मनोरे शहराच्या हद्दीबाहेर, ला देफाँस भागात गेले. लंडनने अशी वाटणी केली नाही. इथे जुने आणि नवे एकाच गल्लीत समोरासमोर उभे असते. त्यामागे कोणाचा थोर आराखडा नाही. एक आग, एक महायुद्ध, जमिनीची मालकी, वित्तव्यवसायाचा दाब आणि कायद्यातली लवचीकता यांतून हे शहर घडत गेले आहे.

रोमनांनी इसवी सन ५०च्या सुमारास टेम्सच्या उत्तर तीरावर लोंडिनियम वसवले आणि साधारण इसवी सन २००च्या सुमारास त्याभोवती दगडी तट बांधला. मध्ययुगात त्याच तटावर आणखी थर चढले. टॉवर हिल स्थानकाबाहेर या तटाचा सुमारे १० मीटर उंचीचा तुकडा आजही उभा आहे. खालचा भाग रोमन, वरचा मध्ययुगीन. सिटीची हद्दही ढोबळमानाने याच तटाच्या आधाराने ठरलेली आहे.

तटाच्या आतले बहुतेक लाकडी शहर २ ते ६ सप्टेंबर १६६६ या पाच दिवसांत जळाले. सुमारे १३,२०० घरे, ८७ चर्च आणि जुने सेंट पॉल्स कॅथेड्रल आगीत गेले. आग विझून काही दिवस होतात तोच वास्तुकार क्रिस्टोफर रेनने राजापुढे नव्या शहराचा नकाशा ठेवला. त्यात सरळ रुंद रस्ते, चौक आणि चौकांतून फाकणारे राजमार्ग होते. जॉन एव्हलिन आणि रॉबर्ट हूक यांनीही आपापले नकाशे मांडले. यांपैकी एकही अमलात आला नाही, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी होते. नवे रस्ते काढायचे तर हजारो भूखंडांची मालकी आधी विकत घ्यायला हवी होती. तेवढा पैसा ना राजाकडे होता ना पालिकेकडे. लोक तर राखेत उभे राहून आपापल्या जागेच्या खुणा शोधू लागले होते. मग हूकसारखे भूमापक गल्लोगल्ली फिरून जुन्या पायांच्या रेषा आखून देऊ लागले. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातल्या तंट्यांसाठी खास ‘फायर कोर्ट’ बसवण्यात आले. १६६७च्या पुनर्बांधणी कायद्याने घराच्या भिंती वीट किंवा दगडाच्याच हव्यात असे ठरवले, घरांचे प्रकार आणि मजले नेमून दिले, काही रस्ते रुंद केले. पण शहराचा सांगाडा मध्ययुगीनच राहिला.

पुढच्या साडेतीनशे वर्षांतले बहुतेक सारे या निर्णयातून निघाले आहे. सिटीत इमारती अनेकदा बदलल्या, गल्ल्या फार थोड्या बदलल्या. चीपसाइड, कॉर्नहिल, ब्रेड स्ट्रीट या मध्ययुगीन बाजाररस्त्यांवर आज बँकांच्या कचेऱ्या आहेत. वाकडेतिकडे, त्रिकोणी भूखंड वाट्याला आल्यामुळे नव्या इमारतींचे आकारही चमत्कारिक झाले. पर्यटकांना त्यात वास्तुकारांची लहर दिसते; प्रत्यक्षात ती बरेचदा जुन्या मालकीरेषांची सक्ती असते.

रेनचा नकाशा फेटाळला गेला, पण इमारतींचे काम त्याच्याकडेच आले. त्याच्या देखरेखीखाली सिटीत ५१ चर्च नव्याने उभी राहिली आणि १६७५ ते १७१० या काळात १११ मीटर उंचीचे सेंट पॉल्स बांधून झाले. पुढची अडीचशे वर्षे लंडनमध्ये त्याहून उंच इमारत नव्हती. १८९४च्या कायद्याने सामान्य इमारतींना ८० फुटांची मर्यादा घातल्यामुळे घुमट आणि चर्चचे सुळके हीच शहराची आकाशरेषा राहिली.

या काळात जुने ते जपले गेले असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकात सिटीतली वस्ती आटली, चर्चला भाविक उरले नाहीत आणि जागेचे भाव चढले. १८६०च्या एका कायद्याने धर्मक्षेत्रे एकत्र करून जादा चर्च विकायची वाट मोकळी झाली, तशी रेनची कित्येक चर्च खुद्द व्हिक्टोरियनांनी पाडली. बँक ऑफ इंग्लंडची कथा याहून बोलकी आहे. जॉन सोन या वास्तुकाराने १७८८पासून पंचेचाळीस वर्षे खपून बँकेची दालने घडवली. वरून उजेड घेणारे त्यांचे घुमट वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही रेखाचित्रांतून शिकवले जातात. रेखाचित्रांतून शिकवण्याचे कारण असे, की १९२५ ते १९३९ या काळात हर्बर्ट बेकरने सोनची बाहेरची भिंत तेवढी ठेवून आतले जवळजवळ सारे पाडले आणि मध्यभागी नवी उंच इमारत उभी केली. नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या इमारती बांधणारा बेकर तो हाच. दर्शनी भाग ठेवायचा आणि मागे नवे बांधायचे, या आज सर्रास चालणाऱ्या पद्धतीचा हा एक मोठा नमुना.

घुमटाचे दृश्य राखण्यासाठी नव्याला बांध घालण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३०च्या दशकातला. १९३३मध्ये सेंट पॉल्स आणि नदी यांच्यामध्ये फॅरडे बिल्डिंग हे टेलिफोन एक्स्चेंज उभे राहिले आणि नदीवरून दिसणारा घुमट काही ठिकाणांहून झाकला गेला. कॅथेड्रलच्या देखभालीची जबाबदारी असलेले गॉडफ्री अ‍ॅलन यांनी मग आजूबाजूच्या जमिनीवर काल्पनिक जाळी आखली आणि प्रत्येक चौकटीत इमारत किती उंच जावी हे नेमून दिले. ‘सेंट पॉल्स हाइट्स’ म्हणून ओळखली जाणारी ही मर्यादा सुरुवातीला केवळ समजुतीने पाळली जाई. नंतर ती नगररचनेच्या धोरणात आली आणि आजही लागू आहे. नदीपलीकडे १९४७पासून बांधल्या गेलेल्या बँकसाइड वीजकेंद्राची चिमणी ९९ मीटरवर थांबली, तीही घुमटाला मान देऊनच.

२९ डिसेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी सिटीवर आगलावू बॉम्ब टाकले. पॅटर्नॉस्टर रो ही प्रकाशकांची गल्ली त्या रात्री लाखो पुस्तकांसह जळाली. शेजारचे सेंट पॉल्स वाचले. युद्ध संपले तेव्हा सिटीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळा पडला होता. या मोकळ्या जागांचे काय केले, यावरून त्या पिढीची मने कळतात, आणि उत्तरे एकमेकांपासून फार निराळी आहेत.

एक उत्तर बार्बिकन. चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या वास्तुकारांनी १९६५ ते १९७६ या काळात सुमारे २,००० घरांची काँक्रीटची वसाहत उभी केली. तिच्यात ४०हून अधिक मजल्यांचे तीन मनोरे, तळे, शाळा आणि १९८२मध्ये उघडलेले कलाकेंद्र आहे. तिचे काँक्रीट साच्यातून काढून तसेच सोडलेले नाही. कामगारांनी हातातल्या यंत्रांनी त्याचा पृष्ठभाग टोचून काढला आहे, त्यामुळे आतली खडी उघडी पडून भिंतीला खरबरीत पोत आला आहे. वसाहतीच्या मधोमध सेंट जाइल्स हे जुने चर्च आणि कडेला तटाचे तुकडे ठेवलेले आहेत. बार्बिकनला वर्षानुवर्षे कुरूप म्हणून हिणवले गेले. २००१मध्ये ती संरक्षित वास्तूंच्या यादीत गेली आणि आज तिथल्या घरांना चांगली मागणी आहे.

दुसरे उत्तर सेंट पॉल्सच्या उत्तरेला. पॅटर्नॉस्टर चौकात १९६०च्या दशकात विल्यम होलफर्डच्या आराखड्यानुसार काटकोनी कचेऱ्या आल्या. त्या कोणालाच आवडल्या नाहीत. चाळीस वर्षेही न टिकता त्या पाडल्या गेल्या आणि २००३मध्ये तिथे विटा-दगडांचा, खांबांच्या ओवऱ्या असलेला नवा चौक झाला. रेनच्या काळातली टेंपल बार ही वेस १८७८मध्ये वाहतुकीला अडथळा म्हणून फ्लीट स्ट्रीटवरून सुटी करून काढली होती आणि पुढे हर्टफर्डशरमधल्या एका खासगी बागेत उभी केली होती. २००४मध्ये ती दगड-दगड करून या चौकाच्या तोंडाशी आणून बसवली. मूळ जागी नाही, पण सिटीत परतली. नवा चौक जुन्याचा आव आणतो हा आक्षेप वास्तुकारांमध्ये आहे आणि तो अगदीच खोटा नाही. दुपारी मात्र तिथे बसायला जागा मिळत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत साधे आणि कदाचित सर्वांत समाधानकारक. फेनचर्च स्ट्रीटच्या दक्षिणेला सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट या चर्चचा मनोरा रेनचा, उरलेले चर्च १८२१चे. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर गेले, मनोरा आणि बाहेरच्या भिंती राहिल्या. ते पुन्हा बांधायचे नाही असे ठरले आणि १९७१मध्ये तिथे सार्वजनिक बाग खुली झाली. आज टोकदार कमानींच्या बिनकाचेच्या खिडक्यांमधून वेली आत-बाहेर करतात, चर्चच्या मुख्य दालनाच्या जागी कारंजे आहे आणि भिंतींच्या वर मान केली की शेजारचा १६० मीटरचा काचेचा मनोरा दिसतो. जवळपासच्या कचेऱ्यांतली माणसे दुपारी इथे डबा खातात.

युद्धानंतर कायदाही बदलला. १९४७च्या नगररचना कायद्याने संरक्षित वास्तूंची यादी करण्याची व्यवस्था आली. तिच्यात तीन श्रेणी आहेत: असाधारण वास्तूंसाठी पहिली, तिच्या खालोखाल ‘दोन तारांकित’ आणि बहुसंख्य वास्तूंसाठी साधी दुसरी. सिटीत अशा सुमारे ६०० वास्तू आहेत. पण १९६०च्या दशकापर्यंत या यादीला फारसे दात नव्हते. १८३७ची यूस्टन स्थानकाची भव्य दगडी वेस १९६१-६२मध्ये पाडली गेली तेव्हा पंतप्रधानांपर्यंत गेलेल्या रदबदलीचाही उपयोग झाला नाही. त्या पराभवाने जनमत जागे झाले. शेजारचे सेंट पँक्रास स्थानक आणि त्याचे हॉटेल पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा कवी जॉन बेट्जेमन आणि इतरांनी चळवळ केली आणि १९६७मध्ये त्याला पहिली श्रेणी मिळाली. एकेका इमारतीऐवजी सबंध परिसराला संरक्षण देणारा कायदाही त्याच वर्षीचा. सेंट पँक्रासच्या हॉटेलचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही त्यानेच मुंबईत पाऊल न टाकता लंडनमधून केले. ज्यांनी राजाबाई टॉवर निरखून पाहिला आहे त्यांना सेंट पँक्रासचा तोंडवळा ओळखीचा वाटेल. १८६८मध्ये उभारलेल्या ७३ मीटर रुंदीच्या, स्थानकाच्या एकसंध लोखंडी छताखाली २००७पासून युरोस्टार गाड्या येतात.

इंग्लंडमधल्या परवानगीच्या पद्धतीचा एक विशेष इथे सांगितला पाहिजे. एफएसआयसारखा ठरीव आकडा तिथे नाही. अमुक भूखंडावर तमुक बांधकाम हा मालकाचा हक्क समजला जात नाही. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तोलला जातो. वारशाचे नुकसान एका पारड्यात, सार्वजनिक लाभ दुसऱ्या पारड्यात. त्यामुळे प्रत्येक मोठा प्रकल्प ही दीर्घ घासाघीस असते. पालिका, लंडनचा महापौर, वारसा संस्था, गरज पडली तर मंत्री आणि शेवटी न्यायालय, एवढ्यांच्या दारातून ती जाते.

बँक चौकालगतच्या ‘नंबर वन पोल्ट्री’ची कहाणी या पद्धतीचे बरे-वाईट दोन्ही दाखवते. पीटर पलंबो या विकासकाने १९६२मध्ये जर्मन-अमेरिकन वास्तुकार मीस व्हॅन डर रोहकडून पोलाद-काचेचा मनोरा आणि त्यापुढे मोकळा चौक असा आराखडा करून घेतला. जागा हाती येईपर्यंत दोन दशके गेली. मीस १९६९मध्येच वारला होता. १९८४मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि १९८५मध्ये सरकारने परवानगी नाकारली. पलंबोने हार न मानता जेम्स स्टर्लिंगकडून दुसरा आराखडा करवला. त्यासाठी संरक्षित यादीतल्या आठ इमारती पडणार होत्या, म्हणून वारसाप्रेमी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९९१मध्ये हरले. गुलाबी-पिवळ्या दगडी पट्ट्यांची, जहाजाच्या नाळेसारखे टोक असलेली इमारत १९९७मध्ये पुरी झाली तेव्हा स्टर्लिंगही हयात नव्हता. पुढे तिच्यात फेरफार करायचे म्हटल्यावर लोकांनी पुन्हा आवाज उठवला, आणि २०१६मध्ये तिलाच ‘दोन तारांकित’ श्रेणी मिळाली. आठ संरक्षित इमारती पाडून बांधलेली इमारत एकोणीस वर्षांत संरक्षित झाली.

त्याच १९८४ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी वास्तुकारांच्या मेळाव्यातच नॅशनल गॅलरी या कलासंग्रहालयाच्या प्रस्तावित विस्तारावर झोड उठवली. तो आराखडा बारगळला आणि त्या जागी व्हेंच्युरी आणि स्कॉट ब्राउन या वास्तुकारांचा, शेजारच्या खांबांची नक्कल करता करता तिची गंमत करणारा सेन्सबरी विंग १९९१मध्ये आला. २०१८मध्ये त्याला पहिली श्रेणी मिळाली. नुकत्याच झालेल्या नूतनीकरणात तिथले काही दिखाऊ खांब फोडले, तेव्हा एका खांबात देणगीदार सेन्सबरी यांचे १९९०चे पत्र निघाले. हे निरुपयोगी खांब कुणीतरी काढायचे ठरवले याचा आनंद त्यात आधीच नोंदवून ठेवलेला होता! हा प्रसंग सिटीच्या हद्दीबाहेरचा, पण ‘नवे जुन्यासारखे दिसावे काय’ या वादाला त्याइतके चोख भाष्य मिळणे कठीण.

नवे जुन्यासारखे न दिसताही जुन्यालगत नांदू शकते याचे सिटीतले सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे लॉइड्स या विमाबाजाराची १९८६ची इमारत. वास्तुकार रिचर्ड रॉजर्स यांनी लिफ्ट, जिने, नळ आणि हवेचे पाइप सगळे बाहेर काढले. त्यामागे हिशेब होता: इमारतीचा सांगाडा शंभर वर्षे टिकतो, यंत्रणा मात्र वीस-पंचवीस वर्षांत जुनी होते, ती बाहेर असली तर बदलता येते आणि आतले विमा-व्यवहाराचे मोठे दालन मोकळे राहते. या पोलादी यंत्राला लेडनहॉल स्ट्रीटवर १९२०च्या दशकातल्या आधीच्या इमारतीचे दगडी प्रवेशद्वार जोडलेले आहे, आणि अकराव्या मजल्यावर रॉबर्ट अ‍ॅडमने १७६३मध्ये केलेली एक अख्खी खोली बसवली आहे. पायथ्याशी होरेस जोन्सचा १८८१चा लेडनहॉल बाजार, लोखंडी छताचा. २०११मध्ये लॉइड्सला पहिली श्रेणी मिळाली. बदलता यावी म्हणून घडवलेली इमारत त्या दिवसापासून बदलायला अवघड झाली, हा संरक्षणाचा एक जुनाच गुंता आहे.

मनोऱ्यांचा आजचा झुबका मुळात स्पर्धेतून आला. १९८६मध्ये शेअर बाजारावरची बंधने उठली, परदेशी बँकांना मोठे सलग मजले हवे झाले आणि पूर्वेला जुन्या गोद्यांच्या जागी कॅनरी व्हार्फ हे कचेऱ्यांचे संकुल उभे राहू लागले. तिथला २३५ मीटरचा मनोरा १९९१मध्ये पुरा झाला. भाडेकरू निसटतील या धास्तीने सिटीने हात सैल सोडला. एप्रिल १९९२मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बने बाल्टिक एक्स्चेंज या जहाजवाहतुकीच्या बाजाराची १९०३ची इमारत उद्ध्वस्त केली. प्रथम तिचे दर्शनी रूप परत उभे करण्याचा आग्रह होता. नुकसान फार आहे म्हणून तो सुटला आणि त्या जागी २००४मध्ये वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांचा १८० मीटरचा, लोक ज्याला ‘घर्किन’ म्हणजे लोणच्याची काकडी म्हणतात तो मनोरा उघडला. एक्स्चेंजचे कोरीव दगड विकले गेले आणि जहाजाने एस्टोनियाला गेले. घर्किनच्या पुढ्यातले सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट हे १५३२चे चर्च मात्र आग आणि महायुद्ध या दोन्हींतून तगून जागेवर आहे. घर्किनची छायाचित्रे हटकून या चर्चसह काढली जातात.

मनोरे कुठे येऊ शकतात हे बऱ्याच अंशी दूरच्या दृश्यांनी ठरते. लंडनच्या महापौरांच्या नियमावलीत २७ दृश्ये नोंदलेली आहेत. काही निवडक जागांपासून सेंट पॉल्स, संसद किंवा टॉवर ऑफ लंडनपर्यंत नकाशावर पट्टे आखलेले आहेत. त्या पट्ट्यांत ठरावीक पातळीवर डोके काढायला मनाई. यांपैकी सर्वांत लांबचे दृश्य सुमारे १६ किलोमीटरचे आहे. नैर्ऋत्येला रिचमंड पार्कमधल्या एका टेकाडावर झाडांच्या कुंपणात भोक राखले आहे. त्यातून पाहिले की दोन्ही बाजूंच्या फांद्यांच्या चौकटीत सेंट पॉल्सचा इवलासा घुमट दिसतो. लेडनहॉल स्ट्रीटवरचा २०१४चा त्रिकोणी मनोरा एका बाजूने तिरका कापलेला आहे तो फ्लीट स्ट्रीटवरून घुमटाच्या मागे दिसू नये म्हणून. अशा रीतीने घुमटाने न दिसताही आजूबाजूच्या काचेला आकार दिला आहे.

पण या जाळ्याला भोके आहेत. २०१६मध्ये रिचमंडच्या टेकाडावरून पाहणाऱ्यांना घुमटाच्या मागे, अगदी त्याला चिकटून, एक नवा मनोरा दिसू लागला. तो पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डचा, सेंट पॉल्सपासून कित्येक किलोमीटर दूर. नियमांची पार्श्वभूमीची मर्यादा तेवढ्या दूरपर्यंत पोचतच नव्हती. सेंट डन्स्टनच्या बागेतून दिसणारा फेनचर्च स्ट्रीटचा मनोराही असाच. राफेल विन्योलींचा हा मनोरा झुबक्याच्या बाहेर एकटा, नदीच्या बाजूला उभा आहे आणि वर जाताना रुंदावतो. माथ्यावर जनतेसाठी बाग देऊ, या आश्वासनाचा परवानगी मिळवण्यात मोठा वाटा होता. २०१३मध्ये त्याच्या अंतर्वक्र काचेवरून परावर्तित उन्हाने रस्त्यावरच्या मोटारीचे भाग वितळले आणि २०१५मध्ये वर्षातील सर्वांत वाईट इमारतीचा ‘कारबंकल कप’ त्याला मिळाला. दुसऱ्या बाजूला २०२१मध्ये बेव्हिस मार्क्स या १७०१च्या सिनेगॉगलगत ४८ मजली मनोऱ्याला पालिकेने नकार दिला. अंगणात आणि प्रार्थनागृहात येणारा उजेड हा तिथे मुख्य मुद्दा होता. भिंत वाचवणे कायद्याला जमते. तिच्यावर पडणारे ऊन वाचवायचे तर प्रत्येक वेळी नव्याने भांडावे लागते.

जमिनीखालचा इतिहास हा यातला सर्वांत नाट्यमय भाग. १९५४मध्ये वॉलब्रुक इथे नव्या कचेरीचा पाया खणताना मिथ्र देवाचे रोमन मंदिर सापडले आणि ते पाहायला दिवसचे दिवस रांगा लागल्या. कचेरी तरीही झाली. मंदिराचे दगड काढून १९६२मध्ये शंभर मीटरवर उघड्या चौथऱ्यावर, बऱ्याच सिमेंटनिशी रचले गेले. १९८९मध्ये नदीपलीकडे रोझ या शेक्सपिअरकालीन नाट्यगृहाचे अवशेष सापडले तेव्हा नटांनी धरणे धरले. पुढच्याच वर्षी सरकारने धोरण आणले: पुरातत्त्वाचा विचार परवानगीआधी व्हावा, खर्च विकासकाने करावा. त्याचे फळ वॉलब्रुकलाच दिसले. २०१७मध्ये तिथे फॉस्टर यांची ब्लूमबर्ग कंपनीची इमारत झाली तेव्हा मंदिर मूळ जागेजवळ, आजच्या रस्त्याखाली सुमारे ७ मीटरवर, रोमन पातळीवर परत मांडण्यात आले. उत्खननात ४००हून अधिक लाकडी लेखनपट्ट्या निघाल्या. त्यांतली एक ८ जानेवारी इसवी सन ५७ची, दोन माणसांमधल्या पैशांच्या देण्याची कबुली आहे. वित्तविषयक माहिती पुरवणाऱ्या कंपनीच्या तळघरात कर्जाचा इतका जुना कागद, नव्हे पट्टी, सापडावी हा योगायोग चांगला जमला. २०२५मध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटवर रोमन बॅसिलिकेचा पाया सापडल्याचे जाहीर झाले आणि तिथल्या नियोजित मनोऱ्यात तो लोकांना दाखवण्याचे ठरले.

जुन्या इमारतीला नवे काम देणे हा मार्ग नदीपलीकडे सर्वाधिक यशस्वी ठरला. बँकसाइड वीजकेंद्र १९८१मध्ये बंद पडले. स्विस वास्तुकार हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी त्याची विटांची पेटी आणि चिमणी तशीच ठेवून आतले जनित्रांचे दालन मोकळे केले, आणि २००० साली टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले. हे वीजकेंद्र गाइल्स गिल्बर्ट स्कॉटचे, म्हणजे सेंट पँक्रासवाल्या स्कॉटच्या नातवाचे. त्याच वर्षी सेंट पॉल्सशी त्याला जोडणारा पादचारी पूल झाला. डुलतो म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला आणि २००२मध्ये दुरुस्तीनंतर उघडला. यशाचे उपद्रवही आले. टेटच्या २०१६च्या विस्ताराच्या गच्चीवरून शेजारच्या काचेच्या सदनिकांत लोक डोकावू लागले. रहिवासी न्यायालयात गेले आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

याउलट केवळ दर्शनी भिंत ठेवण्याची पद्धत क्वचितच साधते. कॅलेडोनियन रोडवरच्या एका विद्यार्थी वसतिगृहात जुन्या गोदामाची भिंत पुढे ठेवून मागे नवी इमारत बांधली. जुन्या खिडक्या नव्या खोल्यांच्या खिडक्यांशी जुळतच नाहीत, आणि २०१३चा ‘कारबंकल कप’ तिला गेला. भिंत राहिली, घर गेले.

गेल्या काही वर्षांत वादाचा काटा सौंदर्यावरून कार्बनवर सरकला आहे. इमारत पाडून नवी बांधली की जुन्यात गुंतलेली ऊर्जा वाया जाते आणि नव्या सिमेंट-पोलादाचे उत्सर्जन वर चढते. म्हणून आधी डागडुजीचा विचार करा, असा आग्रह वाढला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे मार्क्स अँड स्पेन्सरचे दुकान पाडण्यास २०२३मध्ये मंत्र्यांनी याच चर्चेच्या पार्श्वभूमीवर नकार दिला. २०२४मध्ये उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि वर्षअखेरीस नव्या सरकारने परवानगी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सिटीत सुमारे ३१० मीटर उंचीच्या ‘वन अंडरशाफ्ट’ला मंजुरी मिळाली. उंचीत तो नदीपलीकडच्या शार्ड या मनोऱ्याच्या बरोबरीला येतो आणि उभा राहील तो सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट आणि लॉइड्स यांच्या शेजारी.

लंडनच्या स्वतःच्या संग्रहालयाचा निकालही पाडणे आणि जपणे या दोन टोकांच्या मधला आहे. बार्बिकनच्या कडेची त्याची १९७६ची इमारत डिसेंबर २०२२मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी नव्या कचेऱ्या बांधण्यास पालिकेने २०२४मध्ये मंजुरी दिली. संग्रहालय मात्र नवी इमारत बांधणार नाही. ते स्मिथफील्डमधल्या १८८३च्या बाजारात जात आहे. लेडनहॉल बाजार बांधणाऱ्या होरेस जोन्सचीच ही इमारत वर्षानुवर्षे रिकामी पडली होती आणि दोन जाहीर सुनावण्यांनी ती पाडण्यापासून वाचवली.